शब्द मोजायचे, पण कसे?

बालरोग तपासणीत दीड वर्षाच्या मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘बाळ किती शब्द बोलते?’ प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना घरात मतभेद होतात. आई म्हणते दहा-बारा. वडील म्हणतात दोनच, कारण ‘भूभू’, ‘माऊ’ आणि ‘मम्’ हे त्यांच्या मते शब्द नव्हेत, नुसते आवाज आहेत. आजी म्हणते, आमच्याकडे सगळीच मुले उशिरा बोलतात. तिघेही एकाच मुलाबद्दल बोलत असतात. फरक मुलात नसतो, ‘शब्द’ कशाला म्हणायचे यात असतो.

हा वाद केवळ व्याकरणाच्या तासापुरता असता तर सोडून देता आला असता. पण लहान मुलाला ऐकू येते का, पक्षाघातानंतर रुग्णाची भाषा किती शाबूत आहे, वयस्कर माणसाची स्मृती खरोखर कमी झाली आहे का, हे ठरवणाऱ्या अनेक चाचण्या शब्द मोजतात. मोजण्याचे मापच भाषेगणिक बदलत असेल, तर निदानही चुकू शकते.

एक अर्थ, तीन मोजमापे

मराठीत आपण ‘घरात’ म्हणतो. हिंदीत तेच ‘घर में’ होते आणि इंग्रजीत ‘इन द हाउस’. अर्थ एकच, पण शब्द अनुक्रमे एक, दोन आणि तीन. मराठी माणूस कमी बोलला असे यातून कोणी म्हणणार नाही. मराठी विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिते : घरात, घरापर्यंत, घरासमोर, घराखालून. हिंदी ती नामापासून तोडून लिहिते. त्यातही हिंदीत ‘राम ने’ हे दोन शब्द, पण ‘उसने’ हा एक. म्हणजे काही वेळा शब्दाची सीमा उच्चारापेक्षा लेखनाच्या नियमाने ठरते.

इतर भाषांकडे पाहिले की गुंता वाढतो. तुर्कीमध्ये ‘एव्हलेरिमिझदेन’ हा एकच शब्द आहे. त्यात घर, अनेकवचन, ‘आमचे’ आणि ‘पासून’ असे चार तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. जर्मन भाषा दोन-तीन नामे जोडून एक लांबलचक शब्द सहज तयार करते. चिनी लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागाच सोडत नाहीत. तिथे नजरेत भरते ती एकेक चित्राकृती. ‘फुलपाखरू’ या अर्थाचा ‘हूदिए’ हा शब्द दोन आकृत्यांनी लिहितात, तेव्हा आकृती मोजल्या म्हणजे शब्द मोजले असे होत नाही. थाई आणि जपानी लेखनातही शब्दांमध्ये जागा नसते.

यात परके वाटण्यासारखे काही नाही. मराठीचे शेकडो वर्षांचे दफ्तर ज्या मोडी लिपीत आहे, तीही आधी आखलेल्या रेषेखाली, शब्द न तोडता सलग लिहिली जात असे. वाचणाऱ्याला शब्द स्वतःच वेगळे करावे लागत. प्राचीन लॅटिन ग्रंथही सलगच लिहिले जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या धर्मगुरूंनी लॅटिन लेखनात रुजवली, असे लेखनाचे इतिहासकार मानतात.

भाषाशास्त्रज्ञांनी व्याख्या करून पाहिल्या. अमेरिकी अभ्यासक लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९२६ साली सुचवले, की जो एकटा उच्चारता येतो असा भाषेतला सर्वांत लहान तुकडा म्हणजे शब्द. ‘घर’ एकटे म्हणता येते, ‘त’ म्हणता येत नाही. पण ‘घरात’मधून ‘त’ काढल्यावर उरणारे ‘घरा’ हेही एकटे उभे राहत नाही. मराठी व्याकरण त्याला सामान्यरूप म्हणते. पाणिनीच्या परंपरेत मूळ प्रकृती वेगळी आणि प्रत्यय लागून वाक्यात वापरण्याजोगे झालेले ‘पद’ वेगळे मानले जाते. सर्व भाषांना लागू पडेल अशी शब्दाची एकच व्याख्या आजही सर्वमान्य नाही.

बाळ शब्द कसे शोधते?

कागदावर निदान जागा तरी असतात. बोलण्यात त्या नसतातच. ‘बाळापाणीहवंका’ हा आवाजाचा सलग प्रवाह असतो. अनोळखी भाषा ऐकताना ‘हे लोक किती भरभर बोलतात’ असे वाटते, ते यामुळेच. शब्द कुठे संपला हे आपल्याला कळत नाही. नवजात बाळासाठी आईची भाषाही अशीच असते.

मग बाळ हे कोडे सोडवते कसे? १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. संगणकाच्या एकसुरी आवाजात निरर्थक अक्षरांचा सलग प्रवाह त्यांना फक्त दोन मिनिटे ऐकवला. त्यात तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द वेगवेगळ्या क्रमाने मिसळलेले होते. मध्ये विराम नव्हता, आवाजाचा चढउतार नव्हता. तरीही नंतरच्या चाचणीत बाळांनी हे ‘शब्द’ आणि शब्दांच्या सीमेवरचे तुकडे यांत फरक ओळखला. सुगावा एकच होता : कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर नेहमी येते.

घरातही हेच घडते. ‘पाणी हवं? पाणी संपलं. हे बघ पाणी.’ ‘पा’च्या मागे ‘णी’ पुन्हा पुन्हा येते, पण ‘णी’च्या मागे दर वेळी वेगळे काही. अशा हजारो अनुभवांतून बाळ ‘पाणी’ हा तुकडा वेगळा काढते. तोंडातून पहिला शब्द फुटण्याच्या कितीतरी महिने आधी हे काम सुरू झालेले असते.

म्हणूनच ज्या बाळाला नीट ऐकू येत नाही, त्याचे नुकसान ‘बोलत नाही’ हे लक्षात येण्याच्या खूप आधीपासून होत असते. मोबाइलवरची गाणी लावून ही उणीव भरून निघत नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी बारा बैठकांमध्ये चिनी भाषेत संवाद साधला गेला. समोर बसलेल्या माणसाकडून बाळे त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. तेच चित्रफितीतून दाखवले तेव्हा शिकली नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असा आहे, की दोन वर्षांखालील मुलांना, नातेवाइकांशी अधूनमधून होणारे व्हिडिओ कॉल सोडले तर, स्क्रीन दाखवू नये.

कोणता शब्द धरायचा, कोणता नाही?

आता पुन्हा दीड वर्षाच्या मुलाकडे. तज्ज्ञ साधारणपणे तीन गोष्टी पाहतात. मूल तो आवाज स्वतःहून काढते का, दर वेळी त्याच वस्तूसाठी किंवा कृतीसाठी काढते का, आणि निरनिराळ्या प्रसंगी वापरते का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर तो शब्द. उच्चार शुद्ध असण्याची अट नाही. ‘पाणी’ला ‘मम्’, कुत्र्याला ‘भूभू’, गाईला ‘हम्मा’, बाहेर जायचे असेल तर ‘भुर्र’, लागले की ‘बाऊ’ – हे सगळे शब्द मोजावेत. आजोबांच्या मागोमाग पोपटासारखा म्हटलेला शब्द मात्र अजून मुलाचा झालेला नसतो. ऐकू न येणाऱ्या मुलाने हाताने केलेली ठरावीक खूण हाही त्याचा शब्दच असतो.

दुसरा प्रश्न दोन शब्द जोडण्याचा. दोन वर्षांपर्यंत मुलाने दोन शब्दांचे वाक्य बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ ही त्याची उदाहरणे. पण मराठी मूल ‘आईला’, ‘दादाचा’, ‘घरी’ असेही बोलते. ‘हा बूट कोणाचा?’ याला ‘दादाचा’ असे उत्तर देणाऱ्या मुलाने दोन अर्थपूर्ण तुकडे जोडलेलेच असतात, फक्त ते लिहिताना एक शब्द होतो. तुर्की मुले दोन वर्षांच्या आतच नामाचे प्रत्यय बरेचसे बिनचूक वापरू लागतात, असे तिथल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच मुलाच्या वाक्याची लांबी मोजताना शब्दांऐवजी अर्थपूर्ण तुकडे मोजण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३च्या ग्रंथात वापरली. तीही भाषेनुसार जुळवून घ्यावी लागते. दोन वेगळे शब्द जोडणे हा टप्पा मराठी मुलासाठीही महत्त्वाचाच आहे. पण त्याचे प्रत्यय दुर्लक्षून त्याला मागे ठरवू नये.

तिसरा प्रश्न दोन भाषांच्या घरांचा. आईची मराठी, शेजाऱ्यांची हिंदी, पाळणाघरातली इंग्रजी असे मूल आठ शब्द मराठीत, पाच हिंदीत आणि चार इंग्रजीत बोलत असेल, तर त्याचे शब्द आठ नव्हेत. सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल फक्त मराठीत तपासले, तर ते विनाकारण ‘मंद’ ठरू शकते. कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्रविड कुळातली भाषा आहे. त्यांची शब्दरचना मराठीसारखी नाही. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुके राहते, ही समजूत चुकीची आहे. त्या भीतीने घरची बोली बंद करण्याचे कारण नाही.

वाट पाहू नये अशा खुणा

मोजणीत इतकी सवलत दिली, तरी काही खुणा कोणत्याही भाषेत सारख्याच गंभीर असतात. एक वर्षापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बोबडे आवाज नाहीत किंवा बोट दाखवणे, टाटा करणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडणे नाही. किंवा कोणत्याही वयात येत असलेले बोलणे थांबले, तर तपासणी लगेच करावी. ‘बाप पण उशिरा बोलला होता’ हे कारण पुरेसे नाही. टाळी वाजवल्यावर मूल वळते, म्हणून ऐकू येते, असेही धरू नये. काही आवाज ऐकू येणे आणि बोलण्यातले बारकावे ऐकू येणे यांत मोठा फरक आहे.

पहिली तपासणी कानांची. झोपलेल्या बाळाचीही श्रवणचाचणी यंत्राने करता येते. त्यात मुलाने उत्तर देण्याची गरज नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळांमधून तपासणी होते. ऐकण्यातला दोष आणि भाषेतली दिरंगाई या दोन्ही गोष्टी त्यात येतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास वाचा आणि श्रवण दोषांसाठी काम करते.

शब्द हरवतात तेव्हा

वयाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाचा रुग्ण पाहिला. त्याला बोललेले बरेच समजत असे, पण त्याच्या तोंडून ‘तां’ या एका आवाजापलीकडे फारसे काही निघत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. भाषा आणि मेंदूचा ठरावीक भाग यांचे नाते त्यातून पुढे आले. मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडण्याला वाचाघात म्हणतात. त्याचे आज सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे आहे.

ब्रोका प्रकारच्या वाचाघातात रुग्ण तारेच्या मजकुरासारखे तुटक बोलतो. शब्दांचे प्रत्यय गळतात, असे इंग्रजी पुस्तकांत लिहिलेले असे. इंग्रजी रुग्ण ‘वॉक्ड’ किंवा ‘वॉकिंग’ऐवजी नुसते ‘वॉक’ म्हणतो. पण ‘वॉक’ हा तिथे स्वतंत्र शब्द आहे. इटालियनमध्ये ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘पार्ला’ म्हणजे तो बोलतो. प्रत्यय काढला तर उरणारे ‘पार्ल’ हा शब्दच नाही. हिब्रूत मूळ धातू केवळ व्यंजनांचा असतो. स्वर काढले तर तो उच्चारताही येत नाही. या भाषांतले रुग्ण प्रत्यय गाळत नाहीत, चुकीचा प्रत्यय लावतात. १९९० साली लीझ मेन आणि लोरेन ओब्लर यांनी हिंदीसह १४ भाषांतल्या अशा रुग्णांचे बोलणे एकत्र प्रसिद्ध केले. आजार एकच, पण प्रत्येक भाषेत तो वेगळा दिसतो. इजा झालेला मेंदूही शक्यतो आपल्या भाषेत ‘शब्द’ ठरेल असेच काही उच्चारतो.

मराठी रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ स्पष्ट आहे. तो किती शब्द बोलला एवढेच नोंदवून भागत नाही. ‘मुलाने’च्या जागी ‘मुलाला’, ‘गेली’च्या जागी ‘गेला’ येते का, हेही ऐकावे लागते. वाचा-उपचारही त्याच्या भाषेच्या घडणीनुसार आखावे लागतात.

वाचाघाताचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले. यात रुग्ण अस्खलित बोलतो, सूर बरोबर असतो, पण शब्द चुकीचे किंवा चक्क बनावट असतात. हातपाय चालत असतात. त्यामुळे घरच्यांना वाटते भ्रम झाला, कोणी बाहेरचे काही झाल्याचे म्हणते आणि मौल्यवान वेळ जातो. अचानक बोलणे निरर्थक होणे, शब्द न सुचणे किंवा समोरच्याचे न समजणे ही पक्षाघाताची खूण असू शकते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून आधी सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे, बाकीची चर्चा नंतर.

स्मृतीची परीक्षा कोणत्या भाषेत?

स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांतही शब्द मोजले जातात. ‘एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगा’ ही त्यातली सोपी चाचणी. ‘गाय’ आणि ‘गाई’ हे एकच धरायचे, हे उघड आहे. पण शेतकरी आजोबांनी गाय, बैल, वासरू, कालवड, गोऱ्हा अशी नावे सांगितली तर किती गुण? नियम आधी ठरलेला असावा आणि पुढच्या वर्षी तपासतानाही तोच असावा. नाहीतर गुण घटले ते स्मृतीमुळे की मोजणाऱ्यामुळे, हे कळणार नाही. ‘अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा’ ही इंग्रजीतली लोकप्रिय चाचणी चिनी लिपीत नीट बसत नाही आणि शाळेत न गेलेल्या मराठी आजीवर ती अन्यायच करते.

शब्दांची लांबीही आड येते. ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवले, की उच्चारायला जास्त वेळ लागणारे शब्द क्षणभर लक्षात ठेवणे अवघड जाते. १९८० सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात वेल्श भाषेत आकडे लक्षात ठेवण्याचे गुण इंग्रजीपेक्षा कमी आले. कारण बुद्धी नव्हते, वेल्श आकडे उच्चारायला लागणारा वेळ होता. म्हणजे इंग्रजी यादी मराठीत जशीच्या तशी उतरवली, तर परीक्षा अधिक कठीण होऊ शकते.

१९७५ सालापासून जगभर वापरल्या जाणाऱ्या स्मृतिचाचणीत इंग्रजीतल्या छोट्या अव्ययांचे एक वाक्य जसेच्या तसे म्हणायला सांगतात. त्याचे शब्दशः भाषांतर निरर्थक होते. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या, बहुतांश निरक्षर ज्येष्ठांसाठी १९९५ साली हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा केवळ भाषांतर न करता प्रश्नच त्यांच्या जगण्याला आणि भाषेला साजेसे बनवण्यात आले. योग्य मार्ग तोच आहे.

घरच्यांनी काय करावे?

मुलाबद्दल किंवा ज्येष्ठांबद्दल शंका असेल, तर आकडा सांगण्यापेक्षा नमुना घेऊन जावे. मूल आठवडाभर जे बोलते ते जसेच्या तसे, बोबड्या उच्चारासह लिहून ठेवावे आणि प्रत्येकाचा घरातला अर्थ शेजारी लिहावा. खेळताना मुलाची दोन मिनिटांची चित्रफीत मोबाइलवर काढावी. घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात आणि मुलाशी सर्वांत जास्त कोण बोलते, हे सांगावे. ज्येष्ठांच्या बाबतीत त्यांची लहानपणाची भाषा कोणती, शिक्षण किती झाले आणि चष्मा किंवा श्रवणयंत्र लागते का, हे चाचणीआधीच सांगावे. चाचणी त्यांच्या बोलीत घेता येईल का, हे विचारायला संकोच करू नये. ज्या भाषेत माणूस विचार करतो, त्या भाषेत तपासले तरच त्याच्या मेंदूबद्दल खरे काही कळते.